पाच गुंड्या

पितांबर मास्तरांनी ब्रशचं टोक ओठांत ओलं केलं, डावा डोळा मिटला, श्वास रोखला आणि शिपायाच्या कोटाची गुंडी नेमकी त्याच्या नाकावर लावली.

"शी!"

त्यांनी चिंधी टर्पेंटाईनमध्ये बुडवली आणि नाक पुसलं. नाकाबरोबर गाल गेला, गालाबरोबर मिशी गेली, आणि सकाळपासून दोन तास खपून केलेला तोंडाचा रंग हिरव्या कोटावर ओघळला. आता तो शिपाई कुणीतरी अंगावर पान खाऊन थुंकल्यासारखा दिसत होता. शिपाई त्यांनी पाटावर आपटला नाही एवढंच. आपटला असता तर शिशाची मान वाकली असती, आणि मग ती सरळ करायला पुन्हा डोळेच लागले असते.

शिपाई तरी केवढा? बोटाच्या एका पेराएवढा. डोक्यावर उंच टोपी, खांद्यावर बंदूक, पाठीला पडशी, अंगात आखूड कोट, आणि त्या कोटावर एकाखाली एक पाच पांढऱ्या गुंड्या. असे चोवीस शिपाई पाटावर ओळीनं उभे होते. चोवीस पंचे एकशेवीस गुंड्या. चार दिवसांत मास्तरांच्या सतरा लावून झाल्या होत्या. त्यातल्या नऊ कोटावर होत्या. उरलेल्या कुठं कुठं होत्या ते न सांगितलेलं बरं.

मास्तरांच्या मंडळी दगूबाई ओसरीच्या उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या. हाताला कणीक तशीच होती.

"मुंग्यास्ना कपडा शिवी ऱ्हायनात का?"

मास्तरांनी चिंधी पुन्हा टर्पेंटाईनमध्ये बुडवली.

"जेवन निवी ऱ्हायनं. परवा आखाजी शे, माले सांजोऱ्या करना शेतस. तुमनं हाई कधय आटपी?"

"आटपी. तू जा."

दगूबाई पाटाकडे एक नजर टाकून, नाकाला पदर लावून गेल्या. टर्पेंटाईनचा वास त्यांना सहन होत नसे. खरं तर आता मास्तरांनाही होत नव्हता. शहाद्याला घरी येऊन बसण्याआधी तीस वर्षं धुळ्याच्या शाळेत ड्रॉइंग शिकवताना हाच वास त्यांना देवघरातल्या धुपासारखा वाटे. आता त्याच वासानं मळमळे, कारण तो वास म्हणजे पुसापुशी, आणि पुसापुशी म्हणजे चूक. पितांबर मास्तर म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. मुलाच्या वहीत रेघ केसभर वाकडी गेली की त्यांच्या कपाळाला आठी पडे. आणि आता ते स्वतःच शिपायाच्या नाकावर गुंड्या लावत होते. माणसाला स्वतःची किळस यावी, याहून वाईट काय असतं?

सगळं सुरू झालं ते सारंगखेड्याच्या जत्रेत. मास्तर आणि नवल दोघंही दरवर्षी जत्रेला जात. नवल म्हणजे म्हसावदचा शेतकरी, शंभर बिघ्यांचा धनी, मास्तरांचा लहानपणापासूनचा दोस्त. जत्रेत तो दरवर्षी घोडा घेई. चाळीस पावलांवरून जनावराची खोड ओळखणारा माणूस तो! पण यंदा घोड्यांच्या बाजारात उगाच फिरला, दोन-चार जनावरांच्या पाठीवरून हात फिरवला आणि "मन नही" म्हणून हात हलवत परत आला. म्हातारपणी चिकट झाला, असं मास्तर मनात म्हणाले.

मग चहाच्या पालाखाली मास्तरांनी मुंबईहून मागवलेलं सूचिपत्र पिशवीतून काढलं. त्यात शिशाचे न रंगवलेले शिपाई दोन मापांचे होते. एक बोटाच्या पेराएवढे, एक अख्ख्या बोटाएवढे. त्यांच्या दोन्ही फौजा पेराएवढ्याच होत्या, त्यामुळं खरं तर विचारण्यासारखं काही नव्हतं. पण नवलनं सूचिपत्राकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मास्तर, यंदा मोठला मागाड," तो म्हणाला. "हाई बारीक आते पुरं व्हयनं."

"कसाले?"

"उगाच. मोठला बरा दिखतस."

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. "तुले काय वाटनं, मन्हा डोया गयात?"

"मी आसं कधय बोलनू?" नवल चहाच्या कपाभोवती दोन्ही हात धरून बसला होता. मग तो म्हणाला, "बारीकच ऱ्हायनं तं यंदाना डाव शेवटला समज. पुढला साल मी येवाव नही."

झालं! बावीस वर्षांचा डाव, आणि हा बाबा चहाच्या एका घोटासरशी मोडून मोकळा होतो! मास्तर उठले ते तडक चष्मेवाल्याकडे गेले. चष्मेवाला म्हणजे एक पत्र्याची पेटी आणि तिच्यात गुंतून पडलेले पन्नास-साठ जुने चष्मे. ज्याला दिसत नाही त्यानं हात घालावा, एक काढावा, डोळ्यांवर चढवावा, समोर धरलेल्या पोथीचं पान वाचावं आणि नाही जमलं तर परत पेटीत टाकावा. काड्यांना लोकांच्या कानामागचा मळ, नाकावरच्या चिमट्याला लोकांचा घाम. मास्तरांच्या आधी एका म्हाताऱ्यानं वापरून टाकलेल्या चष्म्याला तंबाखू लागलेली होती. मास्तरांनी नाक दाबून अकरा चष्मे घातले. अकराव्यानं पोथीतली अक्षरं जराशी स्थिर झाली. पैसे मोजताना त्यांना उलटी होईल की काय असं वाटत होतं. घरी येऊन त्यांनी तो चष्मा तीनदा साबणानं धुतला आणि मग टेबलाशी बसून मुंबईला पत्र टाकलं: माप लहान, चोवीस नग, न रंगवलेले. शेवटच्या ओळीखाली त्यांनी रेघ मारली. ती रेघसुद्धा वाकडी गेली, पण ते त्यांना दिसलं नाही.

आता हा डाव काय, तेही सांगायला हवं. तोरणमाळच्या बंगल्यावर जंगल खात्याचा एक साहेब असे. एकटा, संध्याकाळी कंटाळून जाई. त्याच्याकडे शिपायांची पेटी होती. गेल्या शतकातली, इंग्रज आणि फ्रेंचांची लढाई. लाल कोटवाले इंग्रज, निळ्या कोटवाले फ्रेंच. नवलच्या बापाच्या गाड्या साहेबाचं सामान म्हसावदहून वर नेत आणि मास्तर सुट्टीत साहेबाला नकाशे काढून देत. साहेबाला खेळायला माणूस हवा होता, म्हणून त्यानं या दोघांना खेळ शिकवला: पायदळ एक वीत चालतं, घोडदळ दोन, तोफ उडाली की फासे टाकायचे आणि तितके शिपाई आडवे करायचे. सन चौदाच्या लढाईवर जाताना साहेब पेटी मास्तरांकडे ठेवून गेला. तो परत आलाच नाही. पेटी राहिली.

तेव्हापासून दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हे दोघे डाव मांडत. आखाजीचा दिवस त्यासाठी सोयीचा. त्या दिवशी आमच्याकडे गल्लोगल्ली पत्ते चालतात, कुणी कुणाला बोल लावत नाही. मग दोन पोक्त माणसं जाजमावर पालथी पडून बाहुल्या हलवताना दिसली, तरी कोण विचारतो? साहेबाचे फासे हरवले तेव्हा त्यांनी पाच कवड्या घेतल्या. जितक्या उताण्या पडतील तितके शिपाई मेले. नवल नेहमी फ्रेंच. तीस सालच्या जंगल सत्याग्रहात तो आठ महिने आत जाऊन आला होता आणि इंग्रजांच्या बाजूनं मी मातीचं ढेकूळही हलवणार नाही, असं तो त्याच्याही आधीपासून म्हणत असे. त्यामुळं मास्तर दरवर्षी इंग्रज व्हायचे आणि दरवर्षी शिव्या खायचे.

फौजा मात्र दोन्ही मास्तरांनीच रंगवलेल्या होत्या. साहेबाचे शिपाई रंग उडालेले, टवके गेलेले. मास्तरांनी ते एकेक खरवडून पुन्हा केले. दर साली एखादी नवी तुकडी यायची, एकदा याच्या बाजूला, एकदा त्याच्या. यंदाची पाळी मास्तरांची. त्यांनी हिरव्या कोटाची बंदूकवाली पलटण मागवली होती. आणि रिवाज असा की डाव सुरू होण्याआधी नवलनं नव्या तुकडीतला एक शिपाई हातात घ्यायचा, दाराच्या उजेडाकडे धरायचा, बारकाईनं बघायचा आणि म्हणायचं, "गुंड्या मोजी लिध्यात. पाच ना पाच." तेवढ्यासाठी मास्तर महिना-महिना खपत. बायकोला, पोरींना, गल्लीला त्या गुंड्यांचं काही नव्हतं. गुंड्या बघणारा माणूस सगळ्या पृथ्वीवर एकच होता.

म्हणून मास्तरांना आता कळत होतं की जे जातंय ते काही साधं नाही. पलटण झाली नाही तर नवल म्हणणार, बघ, मी सांगत होतो. आणि कशीबशी केली तर तो उजेडाकडे धरणार आणि नाकावरची गुंडी बघणार. त्याचं ते हसणं मास्तरांना आत्ताच ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी शक्कल केली. ब्रश बाजूला ठेवला आणि बाभळीचा काटा घेतला. काट्याच्या टोकावर पांढऱ्याचा थेंब घ्यायचा आणि नुसता टेकवायचा. पहिली गुंडी बसली. दुसरी बसली. मास्तरांना घाम फुटला. तिसरी टेकवली आणि त्यांना वाटलं जमलं. मग त्यांनी शिपाई हात लांब करून, होता होईल तितका दूर धरून पाहिला. दूरचं त्यांना अजून उत्तम दिसे. समोरच्या भिंतीवरच्या पालीच्या शेपटीचं टोकही दिसे. हाताच्या लांबीवर त्यांना दिसलं की गुंड्या तीन नाहीत. एकच आहे, आणि ती गुंडी नाही, डाग आहे. कबुतर शिटल्यासारखा पांढरा डाग.

मास्तर बराच वेळ तसेच हात लांब करून बसले. मग त्यांनी चिंधी घेतली आणि एकामागून एक चोवीसच्या चोवीस कोट पुसले. ज्या नऊ गुंड्या नीट होत्या त्याही पुसल्या. रागानं नाही, सावकाश, भांडी घासतात तसं. वर हिरव्याचा एकेक हात दिला. तोंडाच्या जागी तांबूस ठिपका, टोपीच्या जागी काळा. हात धुतले. हिरवा रंग नखांत राहिला होता, तो सुरीच्या टोकानं काढला, आणि त्यांना आपल्या बोटांची, त्या जाड सुजलेल्या पेरांची इतकी शिसारी आली की जेवताना त्यांनी भात चमच्यानं खाल्ला. दगूबाई बघत राहिल्या.

आखाजीला सकाळी पितरांची घागर भरून झाली. पुरण, आंब्याचा रस, सांजोऱ्या. मास्तरांना रसही गिळवेना. गल्लीत लिंबाला झोका बांधला होता आणि माहेरी आलेल्या लेकी त्यावर गाणी म्हणत होत्या. पलीकडच्या ओट्यावर पत्त्यांवरून आरडाओरडा चालला होता. मास्तरांनी आतल्या खोलीत जाजम अंथरलं, खाली शेंगांची दोन पोती सरकवून डोंगर केले आणि फौजा मांडल्या. इकडे लाल, तिकडे निळे. उजव्या पोत्याच्या उतारावर, जिथं एरवी नवलचे निळे असत तिथं, दोन्ही फौजांच्या मधोमध, हिरवी पलटण. बिनगुंड्यांची. मनात म्हणाले, बघू दे. हसू दे. मग मीच म्हणतो की हा डाव शेवटचा. तो म्हणण्याआधी मीच म्हणतो.

दुपारी नवलची बैलांची दमणी दारात थांबली. त्याचा सालदार गडी छगन आधी उतरला आणि नवलच्या पुढं एक पाऊल टाकत चालला.

"पायरी शे, दादा," छगन म्हणाला.

मोठा सरदार आला, असं मास्तरांना वाटलं. पायरी दाखवायला माणूस लागतो! नवल छगनच्या खांद्यावर हात ठेवून आत आला, जाजमाच्या कडेशी बसला, छगनला ओट्यावर पाठवून दिलं. दगूबाईंनी पन्हं आणून दिलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं. आंबा यंदा कसा, कापूस कुणी किती लावणार. मग नवलनं हात पुढं केला.

"दे भो. नवा शिपाई दे हातमा."

मास्तरांनी पोत्यावरचा एक शिपाई उचलून त्याच्या तळहातावर ठेवला. छाती धडधडत होती, या वयात, बाहुल्यापायी. नवलनं शिपाई दाराच्या उजेडाकडे धरला. इकडून फिरवला, तिकडून फिरवला. अंगठा कोटावरून खालीवर नेला.

"गुंड्या मोजी लिध्यात," तो म्हणाला. "पाच ना पाच. हात काय शे तुन्हा, मास्तर!"

कुणी भर बाजारात तोंडात मारावी तसं मास्तरांना झालं. टोमणा! आणि तोही किती थंडपणानं, हसूसुद्धा न दाखवता. हसला असता तर चाललं असतं. त्यांनी शिपाई त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला आणि पोत्यावर ठेवला. बावीस वर्षांत या माणसाचा इतका तिटकारा त्यांना कधी आला नव्हता. त्याची ती दुधासारखी पांढरी टोपी, तो रुबाब, ती चिकट म्हातारी चेष्टा. डाव उधळून द्यावा असं त्यांच्या मनात आलं. पण दगूबाई दारात होत्या.

"टाक कवड्या," ते म्हणाले.

डाव सुरू झाला. मास्तर नवलकडे बघतच नव्हते. मान खाली घालून ते आपले लाल कोटवाले पुढं सरकवत, वीत मोजत आणि मागं येत. नवल कवड्या टाकी, मग तळहात जाजमावर फिरवून कवड्या चाचपी आणि सांगे, "तीन." मास्तर तीन शिपाई आडवे करत. असं पूर्वी तो करत नसे. पूर्वी कवड्या थांबण्याआधीच ओरडे. पण मास्तरांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांच्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं: पाच ना पाच. पाच ना पाच.

चौथ्या खेपेला नवल म्हणाला, "आते मन्हा डोंगरवरला पुढे."

त्यानं हात लांब केला, पोत्याची कड चाचपली, बोटं उतारावरून वर नेली आणि हिरव्या पलटणीतले सहा शिपाई एकेक करून उचलले. एक वीत मोजून त्यानं ते पुढं ठेवले. बंदुका मास्तरांच्या लाल कोटांकडे रोखून.

मास्तरांच्या तोंडाचा आ झाला. हा तर सरळ सरळ लबाडीवर उतरला! माझी पलटण उचलतो आणि माझ्याच अंगावर घालतो? वर मघाचा टोमणा! हिरवा कोट हिरवा दिसत नाही याला? मी इतका वाईट रंगवला का, की...

"ओ नवल, त्या मन्हा..."

ते बोलले आणि थांबले. कारण रागारागानं त्यांनी मान वर केली होती, आणि आज पहिल्यांदाच समोर बघितलं होतं. मधे जाजमाएवढं अंतर होतं. त्या अंतरावरचं मास्तरांना लख्ख दिसे.

नवल त्यांच्याकडे बघत नव्हता. तो जाजमाकडेही बघत नव्हता. त्याची मान जराशी कलली होती, कान पुढं केलेला, पत्त्यांवरच्या आरडाओरड्यातून मास्तरांचं पुढचं वाक्य ऐकायला. एक बोट सहाव्या शिपायाच्या टोपीवर टेकून होतं, शिपाई कुठं आहे ते सुटू नये म्हणून. आणि डोळे उघडे होते. दोन्ही बुबुळांवर दुधावर साय धरावी तसा पांढुरका थर होता.

"काय म्हनं?" नवलनं विचारलं. "चुकनू का मी काही?"

बाहेर झोक्यावरच्या पोरी कुणाच्या तरी सासूला गाण्यातून शिव्या देत होत्या. मास्तरांना घोड्यांचा बाजार आठवला, जनावरांच्या पाठीवरून फिरणारा हात आठवला. सूचिपत्राकडे न बघता कपाभोवती धरलेले दोन हात. मोठला मागाड. मोठला बरा दिखतस. पुढला साल मी येवाव नही. पायरी शे, दादा. कोटावरून खालीवर फिरणारा अंगठा, ज्याला तिथं काहीच लागलं नव्हतं, आणि तरीही त्यानं, मास्तरांचा महिनाभराचा जीव वाया जाऊ नये म्हणून, पाच मोजल्या होत्या.

मघापर्यंत तोंडात साठलेली सगळी कडू थुंकी मास्तरांनी गिळली. शिसारी गेली नव्हती. ती फक्त फिरून त्यांच्याकडेच आली होती. आपल्याच डोळ्यांचं कौतुक आणि आपल्याच डोळ्यांचं दुःख घेऊन बसलो, आणि समोर बसलेल्या माणसाचं तोंड चार महिने पाहिलं नाही. असले डोळे असून काय उपयोग, मेल्या?

नवलचं बोट अजून टोपीवर होतं.

मास्तरांनी नाकावरचा चष्मा काढला. काड्यांवरून बोट फिरवलं. तो जाजमाच्या बाहेर ठेवला.

"नही," ते म्हणाले. "तू नही चुकना. मीच चुकनू. माले दिसत नही रे आते, नवल."

नवलनं बोट टोपीवरून उचललं. "काय म्हंतस?"

"डोया गयात मन्हा. जवयनं काहीच दिसत नही. तुन्हा कोन, मन्हा कोन, माले समजीच नही ऱ्हायनं." एवढं बोलायला मास्तरांना फार जड गेलं. जत्रेपासून हे एक वाक्य तोंडातून निघू नये म्हणून ते लोकांच्या मळानं भरलेले अकरा चष्मे घालून आले होते. "या गुंड्यास्नी मन्हा जीव काढा. पुढला साल मोठला मागाडूत."

नवलच्या खांद्यांतून काहीतरी खाली उतरल्यासारखं झालं आणि तो मागं भिंतीला टेकला.

"तरी मी सांगत व्हतू," तो म्हणाला.

"हा. तू सांगत व्हता."

"पन तू कोनं ऐकस?"

"नही ऐकत," मास्तर म्हणाले.

त्यांनी हिरवी पलटण तिथंच राहू दिली. उरलेले अठराही उचलले आणि त्या सहांच्या मागं, निळ्यांच्या बाजूला नेऊन ठेवले. इंग्रजांची नवीकोरी पलटण आखाजीच्या दुपारी शहाद्यात फ्रेंचांना जाऊन मिळाली आणि कुणाला पत्ता लागला नाही. दगूबाई दारातून बघत होत्या. पन्ह्याचा रिकामा गडू उचलून त्या आत गेल्या.

"मोठलास्ले गुंड्या किती ऱ्हातीन?" नवलनं विचारलं.

"पाचच. पन हातले लागतीन इतल्या मोठल्या."

'दिखतीन' म्हणायचं तिथं 'हातले लागतीन' बोलून गेल्यावर मास्तरांनी जीभ चावली. नवलचा चेहरा जागच्या जागी थांबला. पलीकडच्या ओट्यावर कुणीतरी डाव जिंकला आणि मोठा गलका झाला. तो ओसरल्यावर नवलनं आपल्या बाजूला पडलेल्या कवड्या गोळा केल्या, मुठीत खुळखुळवल्या आणि जाजमावर टाकल्या.

मास्तर वाट बघत राहिले. पण नवलनं हात पुढं केला नाही. हात त्यानं मांडीवरच ठेवला.

"किती पडन्यात, मास्तर?"

मास्तरांनी पाहिलं. चार पालथ्या, एक उताणी. त्यांच्या मनात क्षणभर आलं की चार सांगावं.

"एकच," ते म्हणाले.

"एकच? लबाड शे तू!" नवल म्हणाला, आणि हसत सुटला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, पण कवड्या चाचपल्या नाहीत.

मास्तरांनी आपला एक शिपाई आडवा केला.